रेडिओ मुका का झाला?

आमच्या घरी एक जुना ट्रान्झिस्टर होता. वडील त्याला पोरासारखा जपत. ते गेले आणि रेडिओ माळ्यावर पडला. काही वर्षांनी आम्ही तो खाली काढला. पाहतो तो काय? जुने सेल आतच राहिलेले. ते फुटून त्यांचा रस बाहेर आला होता. नवे सेल घातले, बटण फिरवले. पण रेडिओ काही वाजेना!

शेजारी म्हणाले, "भंगारात घाला." आम्हांला ते पटले नाही. आम्ही पाठीमागचे झाकण उघडले.

आत एक तपकिरी पाटी असते. तिला सर्किट बोर्ड म्हणतात. १९४७ साली अमेरिकेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला. १९५४ साली तेथेच ट्रान्झिस्टरचा रेडिओ बाजारात आला. जुन्या मोठ्या रेडिओत तारांचे जाळे असे. त्याच्या जागी ही पाटी आली.

पाटीच्या एका बाजूला बारीक बारीक भाग बसवलेले असतात. दुसऱ्या बाजूला तांब्याच्या रेघा असतात. शेतात पाणी पाटाने वाफ्यात जाते, तशी वीज या रेघांतून जाते. पाट फुटला तर वाफा कोरडा राहतो. रेघ तुटली तर रेडिओ मुका होतो. आमच्या पाटीवरची एक रेघ सेलच्या रसाने हिरवी पडून खाल्ली गेली होती.

मग दुरुस्ती कशी केली?

आधी सेल काढले. हातांत रबरी मोजे घातले, कारण हा रस कातडीला पोळतो. साध्या सेलचा रस आंबट जातीचा असतो. त्याला खाण्याच्या सोड्याचे पाणी लावावे. अल्कलाइन सेलचा रस खाराच्या जातीचा असतो. त्याला लिंबाचा रस लावावा. जुन्या ब्रशने हलके घासावे. मग ओल्या फडक्याने पुसून पाटी पूर्ण वाळू द्यावी.

नंतर रेघेची दोन्ही टोके हलक्या हाताने खरवडली. लाल तांबे चकाकू लागले. त्या दोन टोकांवर एक बारीक तार ठेवली आणि डाख लावला. फुटलेल्या पाटावर नळी टाकावी, तसेच हे. तार शेजारच्या रेघेला मात्र लागता कामा नये.

येथे आमची एक चूक झाली. डाख लावायची तापलेली सळई आम्ही फार वेळ टेकवून धरली. रेघेचे टोक पाटीवरून सुटले! रेघ केसाहूनही पातळ असते. अति तेथे माती. दोन-तीन सेकंद पुरे होतात. मग आम्हांला आणखी लांब तार घालावी लागली.

काही रेडिओ थापटी मारली की वाजतात. तुम्हीही ते पाहिले असेल. तेथे बहुधा डाखाला चीर गेलेली असते. तो सांधा पुन्हा तापवून थोडा नवा डाख द्यावा.

दोन गोष्टी विसरू नका. जुन्या डाखात शिसे असते. शिसे विषारी आहे. काम उघड्या हवेत करा, मुलांना दूर ठेवा, नंतर हात साबणाने धुवा. दुसरे, घरच्या विजेवर चालणारा रेडिओ स्वतः उघडू नका. त्यात २३० व्होल्ट वीज येते. बटण बंद केले, तार काढली, तरी आत काही वेळ वीज साठून राहते. ती जिवावर बेतू शकते. असा रेडिओ जाणत्या कारागिराकडेच न्या.

आमचा रेडिओ आधी खरखरला, मग बोलू लागला. आईने पदराने त्याची धूळ पुसली आणि तो पुन्हा कोनाड्यात ठेवला.

रेडिओ बरेच दिवस वापरायचा नसेल, तर सेल काढून ठेवा. आम्ही एवढेच केले असते, तर हा खटाटोप पडला नसता.