घायपात : कुंडींत आणि बागेंत

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या अकोल्याच्या घरीं गच्चीवर घायपाताच्या दोन कुंड्या होत्या. एकाच झाडाचे ते दोन मुनवे. अंगानें सारखे, रंगानेंही सारखे. एका उन्हाळ्यांत आम्हीं चिखलदऱ्यास बिऱ्हाड हलविलें, तेव्हां त्यांतली एक कुंडी बरोबर नेली. अकोल्याच्या ४५ अंशांच्या तापांत रोपाची होरपळ होते, वरच्या थंड हवेंत तें सुखावेल, असा आमचा भाबडा हिशेब. परततांना कुंडी तेथील अंगणांतच ठेवली. दसऱ्यास पुन्हां जाऊन पाहतों तों मधला कोंब अलगद हातांत आला आणि बुडाशीं नुसता काळा लगदा राहिला. गच्चीवर विसरलेली दुसरी कुंडी मात्र खुशाल होती.

हें झाड उन्हानें क्वचितच मरतें. मरतें तें पाण्यानें, आणि बहुधा मालकाच्या मायेनें.

ह्याचें माहेर मेक्सिको आणि त्याच्या आसपासचा प्रदेश. तेथील खडकाळ माळांवर पाऊस थोडा, म्हणून पानें म्हणजे पाण्याच्या पखालीच झाल्या आहेत. इतर झाडें आपल्या पानांवरील सूक्ष्म रंध्रें दिवसा उघडतात. हें झाड तीं रात्रीं उघडतें, कर्बवायु आंत घेऊन सांठवितें, आणि दिवसा दारें लावून त्या सांठ्यावर अन्न तयार करतें. भर उन्हांत त्याचें पाणी उडून जात नाहीं तें यामुळें. अशा काटकसरी प्राण्यास रोज सकाळीं तांब्याभर पाणी घालणें म्हणजे उपकार नव्हे.

चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारें ३,६०० फूट उंच आहे, आणि तेथील पाऊस सखल वऱ्हाडाच्या जवळजवळ दुप्पट. आषाढ-श्रावणांत गाविलगड धुक्यांत बुडतो आणि दिवसचे दिवस सूर्यदर्शन होत नाहीं. तेथील कॉफीला ही हवा मानवते. घायपातास मानवत नाहीं. म्हणून मृगापूर्वीं कुंडी ओसरीच्या कडेला, उजेड येईल पण पागोळी पडणार नाहीं अशा जागीं न्यावी, आणि पावसाळा सरेपर्यंत पाण्याचें नांव काढूं नये. खालीं अडचण निराळी आहे. आपली काळी जमीन पाणी धरून बसते. तेव्हां बागेंत लावावयाचें तर मुरमाचा हात-दीडहात उंच ओटा करून त्यावर लावावें. कुंडीसाठीं एक भाग माती, एक भाग जाड वाळू आणि एक भाग मुरूम किंवा विटांचे बारीक तुकडे घ्यावे. बुडाच्या भोंकावर खापर ठेवावें. उन्हाळ्यांत माती तळापर्यंत सुकल्यावर एकदां भरपूर पाणी द्यावें आणि मग पुन्हां सुकूं द्यावें.

जाती दोनशेंहून अधिक आहेत. गृहस्थाला चारपांच पुरेत. सर्वांच्या ओळखीची ती निळसर करड्या, रुंद पानांची अगेव्ह अमेरिकाना. लहानपणीं कुंडींत ती गोजिरवाणी दिसते. वाढली म्हणजे एकेक पान पांचसहा फूट, कडेला आंकड्यांसारखे दांते आणि टोकाला दाभणासारखा कांटा. तिची जागा बागेच्या दूरच्या कोपऱ्यांत, मुलांच्या वाटेपासून लांब. कुंडीसाठीं मला पसंत ती अरुंद, ताठ, पांढऱ्या कांठाच्या पानांची अँगुस्टिफोलिया. आमच्या दोन्ही कुंड्या ह्याच जातीच्या होत्या. कांट्यांचें भय वाटतें त्यांनीं अटेन्युआटा लावावी. तिला कांटा मुळींच नाहीं, पानें मऊ आणि फिकट हिरवीं, आणि फुलांचा दांडा हंसाच्या मानेसारखा वळलेला. ती मूळची डोंगराळ भागांतली. चिखलदऱ्याचा उन्हाळा तिला सोसतो, पण अकोल्यास दुपारची सांवली द्यावीच लागते, नाहीं तर पानें करपतात. व्हिक्टोरिया राणीचें नांव मिळालेली जात फूटभर गड्ड्यासारखी असते. तिच्या पानांवर खडूनें ओढल्यासारख्या पांढऱ्या रेघा असतात. वाढ अतिशय मंद, मुनवे बहुधा फुटत नाहींत, म्हणून किंमत मोठी. रानांतून उपटून नेल्यानें ती धोक्यांत आली आहे. रोपवाटिकेंत बियांपासून वाढविलेलीच घ्यावी. सिसल ही वाखाची आणि दोरखंडांची जात. ती शेताच्या बांधावर शोभते, दिवाणखान्यांत नव्हे.

आणि एक गंमत. आपली गुलछडी, जिला निशिगंध म्हणतों, तीही मेक्सिकोचीच, आणि वनस्पतिशास्त्रज्ञ अलीकडे तिला अगेव्ह अमिका म्हणूं लागले आहेत. पाण्याच्या बाबतींत मात्र ही धाकटी बहीण अगदीं निराळी; ती मागून घेते.

घायपातास कोरफड समजण्याची चूक सुशिक्षित घरांतही होते, आणि ती महागांत पडते. कोरफडीचें पान मोडलें कीं सहज तुटतें आणि आंत बुळबुळीत गर दिसतो. घायपाताचें पान चिवट, तोडतांना धागे लोंबतात. त्याच्या रसांत सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. कातडीस लागल्यास आग होते, पुरळ उठतें. केसांना किंवा भाजल्या जागीं लावण्यासाठीं भलतें पान तोडूं नये, आणि छाटणी करतांना डोळे जपावे.

तें शंभर वर्षांनीं फुलतें, ही केवळ ऐकीव गोष्ट. मोठी जात दहा ते तीस वर्षांत फुलते. एकाच हंगामांत वीसपंचवीस फूट उंच दांडा चढतो, पिवळीं फुलें येतात, आणि मग आईचें झाड वाळूं लागतें. हा रोग नव्हे. त्यावर खतें-औषधें ओतूं नयेत. बुडाशीं मुनवे असतात, ते धारदार सुरीनें सोडवावे, जखम चारपांच दिवस सांवलींत सुकवावी आणि मगच लावावे. अँगुस्टिफोलिया आणि सिसल यांच्या दांड्यांवर तर शेंकडों चिमुकलीं रोपें धरतात. चिखलदऱ्यास बंगला असणाऱ्यांनीं तीं कुंपणापलीकडे भिरकावूं नयेत. पलीकडे मेळघाटचें अरण्य आहे, १९७४ सालापासूनचा व्याघ्रप्रकल्प. तेथें हीं रोपें रुजलीं तर गवताची जागा घेतात, आणि मोठीं झाल्यावर उपटणाऱ्याचे हात सोलून निघतात. नको असलेलीं रोपें शेजाऱ्यांस द्यावीं. तेही नको म्हणाले तर कडक उन्हांत पुरतीं वाळवून चुलींत घालावीं.