आधी दफन, मग बाप्तिस्मा?

कुळाचा इतिहास शोधणाऱ्यांना इंग्लंडमधील चर्चच्या जुन्या वह्या फार उपयोगी पडतात. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवण्याचा हुकूम तेथे १५३८ साली निघाला. यांपैकी पुष्कळ वह्यांची छायाचित्रे आता घरबसल्या संगणकावर पाहता येतात.

समजा, अशा वहीत एका मुलाचा बाप्तिस्मा १० नोव्हेंबर १७२० ला आणि दफन ५ फेब्रुवारी १७२० ला नोंदले आहे. हे कसे? ही दोन वेगळी मुले मानली, तर वंशवृक्षच चुकेल. वास्तविक दोन्ही नोंदी बरोबर आहेत! त्या काळी इंग्लंडमध्ये नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून डिसेंबर १७२० नंतर जानेवारीही १७२० चाच. आपल्या हिशेबाने दफन १७२१ मधले, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर ८७ दिवसांनी झाले.

१७५२ पासून वर्षारंभ १ जानेवारीला आला. त्याच वर्षी आणखी एक दुरुस्ती झाली. ज्युलियन कालगणनेचे वर्ष सरासरी ३६५.२५ दिवसांचे, तर ऋतुचक्राचे ३६५.२४२२ दिवसांचे असते. फरक वर्षाला सुमारे ११ मिनिटांचा. पण १२८ वर्षांत त्याचा एक दिवस होतो. हा साचलेला फरक काढण्यासाठी २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर मोजला गेला.

म्हणून त्यापूर्वीची, १ जानेवारी ते २४ मार्चमधली तारीख १७२०/२१ अशी जोडवर्षाने लिहावी. संगणकावरील सूचीत वर्ष कोणत्या पद्धतीचे आहे याची शंका आली, तर मूळ पानावरील मागच्यापुढच्या नोंदींचा क्रम पाहावा.