पेटी, बादली आणि बारावी

वीकेंडला पुण्याहून दिवेआगरला कधी गेला असाल, तर निजामपूर तुम्ही नक्की ओलांडलंय. ताम्हिणी उतरलं की माणगावच्या अलीकडे लागतं. आपण तेव्हा गाडीत मिसळ की वडापाव यावर मतदान घेत असतो, त्यामुळे लक्ष जात नाही. पण रायगड जिल्ह्याचं जवाहर नवोदय विद्यालय इथलंच. आणि तुमच्या ऑफिसात एखादा माणूस सात मिनिटांत जेवण संपवून आपलं ताट आपणच उचलून ठेवत असेल, अलार्मशिवाय पाचला उठत असेल आणि कुठल्याही आवाजात, कुठल्याही खुर्चीत झोपू शकत असेल, तर तो नवोदयवाला असण्याची दाट शक्यता आहे. विचारून बघा. आणि मग अर्धा तास मोकळा ठेवा, कारण तो थांबणार नाही!

माझी टीम लीड त्यातलीच. २००७ची बारावी. एका शुक्रवारी सर्व्हर डाऊन होता, सगळे टाइमपास करत बसले होते, तेव्हा तिनं ड्रॉवरमधून चक्क स्लॅम बुक काढली. आठवतंय ना हे प्रकरण? निक नेम, फेव्हरिट हीरो, ॲम्बिशन, 'माझ्याबद्दल काय वाटतं' आणि चकाकणाऱ्या जेल पेननं काढलेली फुलं. खालची सगळी मंडळी त्या वहीतली आहेत. खरी नावं देत नाही. तशीही ती आता त्यांच्या आधार कार्डाखेरीज कुणाला आठवत नसावीत.

आधी थोडं बॅकग्राउंड. बोर्डिंग स्कूल म्हटलं की आपल्याला पाचगणी, ब्लेझर आणि जाडजूड फी आठवते. नवोदयचं उलटं. राजीव गांधी पंतप्रधान असताना १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ही योजना आली. पहिल्या दोन शाळा हरियाणात झज्जरला आणि आपल्याकडे अमरावतीला. जिल्ह्याला साधारण एक शाळा. पाचवीतल्या मुलांची परीक्षा, त्यातून जास्तीत जास्त ८० जण सहावीत. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना, एक तृतीयांश मुलींना. राहणं-जेवण सरकारचं. आज तमिळनाडू सोडून देशभर साडेसहाशेच्या आसपास शाळा आहेत. रायगडापुरतं बोलायचं तर पंधरा तालुक्यांतून, म्हणजे उरणच्या खाडीपासून पोलादपूरच्या घाटापर्यंतची पोरं, दहा-अकरा वर्षांची, एकेक पत्र्याची पेटी आणि एकेक बादली घेऊन एका डॉर्मिटरीत. सुट्ट्या वजा केल्या तरी सात वर्षांत सुमारे दोन हजार रात्री होतात. सख्ख्या भावंडांबरोबर तरी आपण इतक्या रात्री काढतो का?

पहिलं पान बोंबीलचं. गाव भरडखोल, तालुका श्रीवर्धन, वडलांची बोट. दारात समुद्र असलेल्या या पोराला डोंगराच्या कुशीत आणून टाकलं आणि ताटात वाढलं वरण. दर सुट्टीनंतर त्याची आय पेटीच्या तळाला, दोन युनिफॉर्मच्या मध्ये, सुकटीची चटणी दडवून द्यायची. आता सुकट दडवता येते, पण तिचा वास? पेटी उघडायच्या आत अख्ख्या निलगिरी हाउसला कळायचं की बोंबील आला. (हाउस चार असतात: अरवली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी. डोंगरांची नावं देणाऱ्यानं कोळ्याच्या पोराचा विचार केला नसावा.) शर्टाला सुकटीचा वास येणारा हा बॅचमधला एकमेव टॉपर होता. ॲम्बिशनच्या रकान्यात त्यानं लिहिलंय, 'मोठी बोट'. पुढे मरीन इंजिनिअर झाला. म्हणजे बोट मोठीच मिळाली. फक्त तीवर मासे नाहीत.

त्याच्या शेजारचा कॉट लोकलचा. घर माणगावच्या बाजारपेठेत, शाळेपासून दहाएक किलोमीटरवर. आणि बॅचमध्ये सगळ्यात जास्त रडला कोण? हाच! श्रीवर्धनची, उरणची पोरं दोन महिन्यांत रुळली, याला मात्र रोज संध्याकाळी घरच्या दिशेनं जाणाऱ्या एसटीचा हॉर्न ऐकू यायचा. सहावीत एकदा सरळ पळून घरी गेला. वडलांनी चहा पाजला, पाठीवरून हात फिरवला आणि त्याच रिक्षात बसवून रोल कॉलच्या आधी परत आणून सोडला. ही हकिकत त्याला सात वर्षं ऐकवली गेली. 'लोकल आहे रे, दर स्टेशनला थांबतो.' बारावीनंतर सगळे पांगले. पुणे, मुंबई, बंगलोर, एक जण तर थेट टेक्सास. लोकल मात्र माणगावातच राहिला, वडलांच्या हार्डवेअरच्या दुकानात. स्लॅम बुकात त्याचं ॲम्बिशन कोरं आहे. त्या वेळी सगळ्यांना त्याचं थोडं वाईट वाटलं होतं, असं टीम लीड म्हणाली. आम्ही दोघीही मग जरा गप्प झालो, कारण आपल्यालाही असं कुणाबद्दल तरी वाटलेलं असतंच की.

एक पान वेगळ्या कागदाचं आहे, पोस्टानं आलेलं, पिन लावून जोडलेलं. हे हमकोचं. नवोदयमध्ये एक भन्नाट प्रकार असतो, मायग्रेशन. नववीत सुमारे तीस टक्के मुलांची अदलाबदल होते. आपली पोरं हिंदी भाषक राज्यात, तिकडची आपल्याकडे. तर हा उत्तरेतून आला तो जूनमध्ये, कोकणातल्या पावसात. तीन दिवस पाऊस थांबेना, तेव्हा त्यानं भीत भीत विचारलं, 'ये बंद कब होता है?' बोंबील अत्यंत गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, 'ऑक्टोबर.' पोरगं खरंच रडायला लागलं. तीन महिन्यांत मात्र 'हमको मराठी नहीं आती' म्हणणारा हा गडी मेसमधल्या मावशींना 'मावशी, वाईच रस्सा वाढा ना' म्हणून जास्तीची वाटी मिळवायला लागला, जी मराठी पोरांना कधी मिळाली नाही. पोस्टानं आलेलं पान सगळं मराठीत आहे. ऱ्हस्व-दीर्घाचा पार बट्ट्याबोळ, पण मराठीत!

कलेक्टर, साहेब आणि चष्मिष्ट यांची पानं मी भराभर उलटली. प्रत्येक बॅचला असे तिघं असतातच. (कलेक्टर सध्या इन्शुरन्स विकतो आणि आयएएस परीक्षेवर अजूनही सगळ्यांना सल्ले देतो.)

थांबले ते आजीबाईच्या पानावर. महाडच्या पलीकडच्या एका वाडीतली ही मुलगी. पोरीला इतक्या लांब कशाला धाडायचं, म्हणून घरात मोठं भांडण झालं, आणि आश्चर्य म्हणजे 'जाऊ दे तिला' म्हणाली ती खरीखुरी आजी. नातीनं मग होस्टेलात आजीचं खातं उघडलं. सहावीतल्या नव्या पोरींच्या वेण्या घालणं, त्यांना रात्री बाथरूमपर्यंत सोबत करणं, कुणाचं पोट दुखलं तर तळव्याला तेल चोळणं, सगळं ही करणार. स्वतः रडताना तिला कुणी पाहिलं नव्हतं.

२००५चा जुलै आला तेव्हा ही बॅच अकरावीत होती. २६ जुलै म्हटलं की मुंबईकरांना मिठी नदी आणि रात्रभरची पायपीट आठवते. त्याच पावसात सावित्रीनं महाड बुडवलं, आणि महाड-पोलादपूर भागात जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या. फोन बंद, हायवे बंद. शाळेत बातम्या आल्या त्या तुकड्या-तुकड्यांनी, गावांची नावं घेऊन. आजीबाईच्या वाडीचं नाव कशातच येईना, आणि ते न येणं चांगलं की वाईट हे सांगणारं कुणी नव्हतं. तिनं नेहमीसारख्या वेण्या घातल्या. फक्त बोलणं बंद केलं. टीम लीड सांगत होती, त्या दिवसांत बोंबीलनं एकही जोक मारला नाही, आणि ज्या सहावीतल्या पोरींना ती रात्री सोबत करायची, त्या आळीपाळीनं तिच्या कॉटच्या कडेला येऊन बसायच्या. पाचव्या दिवशी तिचा काका आला, गुडघ्यापर्यंत चिखल. गेटमधूनच ओरडला, 'घर हाय, म्हातारी हाय, म्हस गेली!' आजीबाई तेव्हा पहिल्यांदा रडली. म्हशीसाठी, असं ती आजही ठासून सांगते.

आज ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दर वर्षी पाचवीच्या मुलांना नवोदयच्या परीक्षेला बसवते, आणि नंतर घरोघर जाऊन आज्यांना पटवते.

फेअरवेलला कोण काय बोललं ते विचारू नका, सगळे रडत होते. पेट्या एसटीच्या टपावर चढल्या, बादल्या ज्युनिअर्सना वाटून टाकल्या. पुढची काही वर्षं तर धड कॉन्टॅक्टही नव्हता. मग व्हॉट्सॲप आलं आणि ग्रुप झाला. तिथंही पहाटे पाचला 'पीटीला चला' असा मेसेज टाकणारे महाभाग आहेत.

३ जून २०२०ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलं. सुपारीच्या बागा आडव्या, विजेचे खांब आडवे, मोबाइलला रेंज नाही. बोंबील तेव्हा कुठल्यातरी समुद्रात जहाजावर, आणि घरी फक्त आई-वडील. ग्रुपवर सगळे हवालदिल. पण लॉकडाऊन होता. मुंबई-पुण्याहून निघायचं तर ई-पास हवा. टेक्साजवाला गुगल मॅप बघत बसला. कलेक्टरनं तीन वेगवेगळ्या हेल्पलाइनचे नंबर टाकले, तिन्ही बंद. हमकोनं पैसे पाठवले आणि खाली लिहिलं, 'आईला सांगा काळजि करु नका.'

लोकलनं ग्रुपवर काहीच लिहिलं नाही. दुकानातले पत्रे, ताडपत्री, खिळे आणि एक करवत टेम्पोत भरली आणि म्हसळ्याच्या रस्त्याला लागला. झाड आडवं दिसलं की उतरायचं, कापायचं, पुढे जायचं. दोन दिवसांनी रेंज आली तेव्हा ग्रुपवर एकच फोटो पडला. बोंबीलच्या घरावर नवाकोरा पत्रा, आणि दारात त्याची आय लोकलला चहा देतेय.

खाली पहिला रिप्लाय भर समुद्रातून आला. 'दर स्टेशनला थांबत गेलास ना रे?'