अर्ध्या कांद्याची मिसळ आणि अडीच कोटी कांदे

स्पेनमधल्या लोग्रोन्यो शहरात काये लाउरेल नावाची गल्ली आहे. पाहुणे एका बारमधून दुसऱ्यात जातात, दर ठिकाणी एक घास नि एक घोट घेतात आणि शहर बघून झालं म्हणतात. तसा खाद्यफेरफटका आपल्याकडे करायचा तर विंचूरला या. मात्र इथलं प्रेक्षणीय ताटात मावत नाही.

सुरुवात मिसळीने. वर भुरभुरलेला कांदा फार तर अर्धा. तो संपवून लासलगाव बाजार समितीच्या विंचूर उपबाजारात शिरा. ट्रॅक्टर रांगेत उभे. ट्रॉलीत पंचवीसेक क्विंटल माल, एक कांदा १०० ग्रॅमचा धरला तर २५,००० कांदे. रोज चार कांदे चिरणाऱ्या घराला एक ट्रॉली १७ वर्षं पुरेल. आणि लिलाव? व्यापाऱ्यांचा घोळका येतो, कुणी एक कांदा उचलून दाबतो, अंगठ्याने साल चोळून रंग बघतो, बोली शंभर-पन्नासने सरकते आणि घोळका पुढच्या ट्रॉलीकडे. हातातला चहा निवायच्या आत १७ वर्षांचा कांदा विकला गेलेला असतो.

शंभराची ती सरक ऐकायला किरकोळ. पण भाव क्विंटलचा. किलोमागे एक रुपया, ट्रॉलीमागे २,५०० आणि अशा हजार ट्रॉल्या असतील तर २५ लाख. एका आवाजावर!

त्या हजार ट्रॉल्यांत कांदे अडीच कोटी. सहा सेंटिमीटरचा एकेक कांदा ओळीने मांडला, तर रांग १,५०० किलोमीटर होते. दिल्ली गाठून वर उरते. दिल्लीहून उलट येणाऱ्या गोष्टींना मात्र वजन नसतं. ८ डिसेंबर २०२३ ला लागू झालेली निर्यातबंदी कागदावरच आली होती.

भाव पडला की उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत जातो. चार-पाच महिन्यांत सड, कोंब आणि सुकणं मिळून तीस टक्के घट हे काही आक्रीत नव्हे. २५ टनांच्या चाळीतून साडेसात टन, म्हणजे ७५,००० कांदे, कुणाच्याही भाकरीला न लागता गेले. कोंब रोखायला जवळच लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेलं विकिरण केंद्र आहे. गंमत अशी, की कांद्यासाठी उभारलेल्या या केंद्रातून २००७ मध्ये हापूस अमेरिकेला गेला.

संध्याकाळी विंचूरच्याच वाइन पार्ककडे वळा. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत किलोभराहून जास्त द्राक्षं जातात. तिथे आकडे सौम्य आहेत, लोग्रोन्योवाल्यांनाही झेपतील.

परतताना पुन्हा मिसळ घेतली. कांदा आणखी मागितला. मालकाने मूठभर टाकला आणि त्याचे पैसे लावले नाहीत.