बामणघळीत लाट काय करते?

सुट्टी लागली की वसई-विरारकडचे पालक हमखास विचारतात: समुद्राने कोरलेली गुहा मुलांना दाखवायची आहे, अर्नाळा, राजोडी, कळंबकडे कुठे सापडेल का? तिथे ती शोधू नये. उत्तरेला वैतरणेचं मुख, दक्षिणेला वसईची खाडी. गाळ आणि वाळू साचत हा किनारा सपाट झाला आहे. गुहेला समुद्राच्या थेट माऱ्यात उभा असलेला कातळ लागतो. त्यासाठी मुक्कामाची तयारी करून गुहागर तालुक्यातलं हेदवी गाठावं.

हेदवीच्या उमा-महेश्वर मंदिराजवळ काळ्या कातळात एक लांब, अरुंद चीर आहे, ती बामणघळ. तिला छप्पर नाही, म्हणून काटेकोरपणे ती गुहा नव्हे. पण गुहा कशी घडते ते इथे उघड्यावर बघायला मिळतं! कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. लाव्हा थिजताना आकसला आणि त्यात भेगा राहिल्या. हिमयुगात, २० हजार वर्षांपूर्वी, समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. तो आजच्या पातळीजवळ आला त्याला जेमतेम सहा-सात हजार वर्षं झाली. या ताज्या पाळीतही त्याने तीच जुनी भेग धरली आहे.

कातळ फोडण्यात पाण्याइतकाच हवेचाही हात असतो. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने बंद करून दांडा दाबावा, तशी लाट भेगेतली हवा कोंडते. लाट मागे हटली की तीच हवा झटक्यात फुगते आणि खडकाचे तुकडे सैल करते.

लाटेचा हा जोर प्रथम पद्धतशीरपणे मोजला तो थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश दीपगृह-अभियंत्याने. 'ट्रेझर आयलंड' लिहिणाऱ्या रॉबर्ट लुईचे वडील एवढीच त्यांची ओळख उरावी, याचं मला फार वाईट वाटतं. हवामान केंद्रांवर तापमापक ठेवण्याची पांढरी, झडपांची पेटी त्यांचीच. १८४०च्या दशकात त्यांनी स्प्रिंग लावलेली लोखंडी तबकडी खडकांवर ठोकली. लाटेने ती किती दाबली, त्यावरून जोर कळे. स्केरीव्होरच्या खडकावर २९ मार्च १८४५ रोजी नोंद झाली दर चौरस फुटाला ६,०८३ पौंडांची, म्हणजे चौरस मीटरला जवळजवळ ३० टन! दीपगृहाचा पाया किती भक्कम हवा, याला त्यांनी आकडा दिला. किनारा कसा झिजतो हे सांगतानाही तोच आकडा कामी येतो.

मुलांना नेताना भरतीचा हिशेब आधी करावा. कोकणातला जुना ठोकताळा असा की तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला आठ गुणिले पाऊण, म्हणजे सहा. सकाळी सहाच्या सुमारास भरती, बाराच्या सुमारास ओहोटी, संध्याकाळी पुन्हा भरती. दुपारी ओसरलेली घळ दुरूनच नीट बघावी, भेगेची दिशा मुलांना शोधू द्यावी. संध्याकाळी वरच्या सुक्या कातळावरून पाणी कसं चढतं ते दाखवावं. अष्टमी भांगाची, त्यामुळे उसळी उधाणापेक्षा कमी. नेमकी वेळ मात्र छापील भरती-कोष्टकातून आणि गावकऱ्यांकडून पक्की करावी. घळीत उतरायचं नाही, काठाशी उभं राहायचं नाही.

वाटेत हरिहरेश्वरला थांबता आलं तर प्रदक्षिणेच्या वाटेवर खडकाला मधमाशांच्या पोळ्यासारखी छिद्रं दिसतात. ती खाऱ्या तुषारांतल्या मिठाची करामत: खडकाच्या रंध्रांत स्फटिक वाढतात आणि कण सुटे होतात. ही वाटही फक्त ओहोटीची.

पावसाळ्यात मात्र या दोन्ही ठिकाणी मुलांना घेऊन कातळावर उतरूच नये. स्टीव्हन्सन यांच्या नोंदींत उन्हाळ्याची सरासरी ६११ पौंड होती आणि हिवाळ्याची २,०८६. खवळलेल्या ऋतूत जोर तिपटीहून जास्त. आपल्याकडे तो ऋतू जून ते सप्टेंबर.