मुलांच्या शिक्षणाचें कर्ज आणि घरचा खर्च

मृग लागला कीं शेतकऱ्यापुढें दोन कामें एकदम उभीं राहतात. एक पेरणीचें व दुसरें मुलांच्या प्रवेशाचें. बियाणें, खत आणि फी यांची गांठ एकाच पंधरवड्यांत पडते, आणि गेल्या हंगामाचा पैसा तोंवर बहुधा संपलेला असतो. अशा घाईंत काढलेलें कर्ज विचार करून काढलेलें नसतें. म्हणून हंगामाची गर्दी होण्यापूर्वींच या विषयासंबंधीं चार शब्द लिहीत आहें.

आमच्या औंधास शिक्षणाची परंपरा जुनी आहे. बाळासाहेब पंतप्रतिनिधि १९०९ सालीं गादीवर आले. त्यांच्या कारकीर्दींत गरीब विद्यार्थ्यांची शिकण्याची व जेवणाची सोय येथें होते असें ऐकून कोंकणांतील पालगडचे पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे पुढील साने गुरुजी, औंधास आले. त्यांचे येथें हाल झाले, प्लेगामुळें गांवही सोडावें लागलें, परंतु शिक्षण सुटलें नाहीं. याच संस्थानांतील आटपाडी, कुंडल व औंध येथें ग. दि. माडगूळकर शिकले. आपल्याच जिल्ह्यांत काले येथें १९१९ सालीं भाऊराव पाटलांनीं रयत शिक्षण संस्था काढली व १९२४ पासून साताऱ्यास वसतिगृह चालविलें. तेथील मुलें स्वतःचीं कामें स्वतः करीत. आणि त्यांची चूल पेटती ठेवण्यासाठीं लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने, मंगळसूत्रासुद्धां, विकले. त्या काळीं शिक्षणाची किंमत शरीरानें किंवा कोणाच्या तरी त्यागानें चुकती होत असे. आज धंदेशिक्षणाची फी इतकी वाढली आहे कीं, अंगमेहनतीनें ती भरून निघणें कठीण. तेव्हां कर्ज काढूंच नये असें मी म्हणणार नाहीं. तें कोणीं, किती व कशाच्या भरंवशावर काढावें, एवढाच प्रश्न आहे.

कर्ज काढून शिकल्याचें थोर उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें. १९१३ सालीं बडोदें सरकारची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ति घेऊन ते अमेरिकेस गेले, तेव्हां दहा वर्षें संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांना लिहून द्यावा लागला होता. पुढें लंडनचें अपुरें शिक्षण पुरें करण्यासाठीं त्यांनीं मुंबईस प्राध्यापकाची नोकरी धरली. पगार चांगला असूनही कुटुंब परळच्या चाळींतील दोन खोल्यांत ठेवलें, शिल्लक टाकली, आणि मित्र नवल भथेना यांजकडून पांच हजार रुपये उसने घेऊन १९२० सालीं ते परत विलायतेस गेले. तेथेंही पोटाला चिमटा घेऊनच राहिले. कर्जापूर्वीं शिल्लक आणि कर्जानंतर काटकसर, हा क्रम वाचकांनीं ध्यानांत घ्यावा.

आतां आजच्या कर्जाची रीत पाहूं. बँकांच्या सर्वसाधारण योजनेंत चार लाखांपर्यंतच्या कर्जास घरचा हिस्सा लागत नाहीं, व साडेसात लाखांपर्यंत कांहीं गहाण मागत नाहींत. अभ्यासक्रम संपून आणखी एक वर्षपर्यंत हप्ता नसतो, आणि पुढें पंधरा वर्षांपर्यंत मुदत मिळते. हप्ता नसतो याचा अर्थ पुष्कळजण व्याज नसतें असा करतात. तीच मोठी चूक. समजा, चार वर्षांच्या अभ्यासासाठीं दरवर्षीं आरंभीं दीड लाखप्रमाणें सहा लाख रुपये दहा टक्क्यांनीं उचलले. पहिला हप्ता सुरू होईतों सरळ व्याजच २,१०,००० रुपये होतें व तें मुद्दलांत मिळून कर्ज ८,१०,००० रुपयांवर जातें. तें दहा वर्षांत फेडावयाचें तर महिना सुमारें १०,७०० रुपये भरावे लागतात. पंधरा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता दोन हजारांनीं उतरतो, परंतु एकंदर भरणा सुमारें २,८२,००० रुपयांनीं वाढतो.

उलट, व्याज चढूं न देतां महिन्याच्या महिन्यास भरलें तर पहिल्या वर्षीं दरमहा १,२५० रुपये, दुसऱ्या वर्षीं २,५००, तिसऱ्या वर्षीं ३,७५० व पुढील दोन वर्षें ५,००० रुपये पडतात. मग नोकरी लागल्यावर मुलाच्या डोक्यावर केवळ सहा लाख राहतात, हप्ता सुमारें ७,९०० रुपयांचा होतो, आणि सर्व मिळून सव्वा लाखाच्या जवळपास वांचतात. कित्येक बँका असें व्याज वेळेवर भरणारास एक टक्का सूटही देतात. पहिल्या दोन वर्षांचें व्याज म्हणजे एका गाईच्या दुधाच्या पगारांतील कांहीं भाग. पीक वर्षांतून एकदां-दोनदां पैसा देतें आणि बँक महिन्याला मागते. हा मेळ दुधावांचून दुसऱ्या कशानें सहसा बसत नाहीं, असा माझा अनुभव आहे.

अनुभव म्हणतों तो घरचाच आहे. माझ्या पुतण्यानें पुण्यास इंजिनियरीचें शिक्षण कर्ज काढून केलें. व्याज भरण्याचें आम्हां कोणास सुचलें नाहीं. नोकरी बावीस हजारांची लागली, आणि पहिल्याच दिवाळीस त्यानें हप्त्यावर मोटारसायकल घेतली. पुढें शिक्षणाचे तीन हप्ते थकले. थोरले बंधु कर्जांत सहकर्जदार होते. त्यांच्या नांवावरही ती थकबाकी चढली. ते पीककर्जासाठीं गेले असतां तें नाकारण्यांत आलें. ज्या माणसानें उभ्या जन्मांत सोसायटीचा एक रुपया थकविला नव्हता, तो त्या दिवशीं जेवला नाहीं. पुतण्या मोटारसायकल विकण्यास लाजत होता. लोक काय म्हणतील हीच त्याची अडचण. तेव्हां वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हींच त्याला सांगा. गाडी गेली म्हणून मुलगा लहान होत नाहीं. बापाला दारांतून परत फिरावें लागलें, तें लहान होणें." मी सांगितलें. गाडी विकली. तो दोन सोबत्यांबरोबर एका खोलींत राहूं लागला, आणि पगार झाल्याबरोबर आधीं हप्ता व मग बाकीचा खर्च असा नेम त्यानें धरला. पगार वाढला तरी खोली त्यानें चार वर्षें बदलली नाहीं. गेल्या दिवाळींत कर्ज फिटलें.

सर्वांत मोठें भय जमिनीचें आहे. साडेसात लाखांच्या वर बँक तारण मागते. थकीत कर्जाचें तारण कोर्टाविना ताब्यांत घेण्याचा जो २००२ चा कायदा आहे, तो शेतजमिनीस लागू नाहीं. म्हणून बँका घर, बिनशेती जागा किंवा ठेव पसंत करतात. ज्याच्याजवळ शेताखेरीज कांहीं नाहीं, तो मग खासगी सावकाराकडे वळतो किंवा बागायतीचा तुकडा विकतो. विहिरीसाठीं काढलेल्या कर्जाची विहीर निदान शेतांत राहते. शिक्षण मुलाबरोबर परगांवीं जातें आणि नोकरी लागेल कीं नाहीं हें कोणी लिहून देत नाहीं. यास्तव जमीन विकून भरावी लागेल अशी फी असलेलें कॉलेज, तें कितीहि नांवाजलेलें असलें तरी, आपल्यासाठीं नाहीं असें समजावें. प्रवेशापूर्वीं तेथून निघालेल्या चार-दोन मुलांस प्रत्यक्ष भेटून त्यांचा पगार विचारावा. छापील माहितीपत्रकावर विसंबूं नये. पीककर्जाचा पैसाही फीकडे वळवूं नये. तीन लाखांपर्यंतचें पीककर्ज वेळेवर फेडलें तरच व्याजाची सवलत मिळते. तो पैसा फींत अडकला कीं सवलत जाते आणि पुढचें पीक उघडें पडतें.

सवलतींची चौकशी मात्र भीड न धरतां करावी. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आंत असल्यास, २०२४ सालीं मंजूर झालेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेंत ठराविक नामांकित संस्थांतील विद्यार्थ्यांस दहा लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजांत तीन टक्के सूट आहे. त्याच वर्षापासून महाराष्ट्र सरकारनें याच उत्पन्नमर्यादेंतील आर्थिक दुर्बल व मागास वर्गांतील मुलींची धंदेशिक्षणाची शिक्षण-फी माफ केली आहे. दाखल्यांसाठीं तहसील कचेरींत मेअखेर फार गर्दी होते, म्हणून ते फाल्गुन-चैत्रांतच काढून ठेवावे.

हप्त्याची तारीख पगाराच्या किंवा दुधाच्या पैशाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं मागून घ्यावी. बदलत्या व्याजदराचें वैयक्तिक कर्ज मुदतीपूर्वीं फेडल्यास बँकेस दंड घेतां येत नाहीं. तेव्हां उसाचें बिल किंवा बोनस हातीं आला कीं थोडा भाग मुद्दलांत भरून पावती घ्यावी. आणि कर्ज पुरें फिटल्यावर घराचे किंवा जागेचे कागद गहाण असतील तर ते तीस दिवसांचे आंत परत मागावे. बँकेच्या चुकीनें उशीर झाल्यास दर दिवसास पांच हजार रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. आमच्या बंधूंनीं थकबाकी नसल्याचा दाखला मिळतांच त्याच्या दोन नकला काढल्या. एक सोसायटींत दिली व दुसरी सातबाऱ्याच्या उताऱ्याबरोबर पेटींत ठेवली आहे.