हार्वर्डचे अधिष्ठाते

१८६९ साली हार्वर्डमधून डॉक्टर व्हायला लेखी परीक्षा लागत नसे. नऊ विषयांचे नऊ प्राध्यापक विद्यार्थ्याला काही मिनिटं तोंडी प्रश्न विचारत. नऊपैकी पाच विषय सुटले की पदवी मिळे, आणि उरलेले चार न येणारा तरुण रोगी तपासायला मोकळा होई. व्याख्यानांची फी विद्यार्थी थेट प्राध्यापकांकडे भरत. मेडिकल स्कूलला नाव विद्यापीठाचं असलं, तरी सगळा व्यवहार प्राध्यापकांच्या हातात होता.

त्याच वर्षी चार्ल्स एलियट हा पस्तीस वर्षांचा रसायनशास्त्रज्ञ विद्यापीठाचा अध्यक्ष झाला. तो प्रत्येक स्कूलच्या प्राध्यापकसभेला स्वतः जाऊन अध्यक्षस्थानी बसू लागला. असं पूर्वी कुणी केलं नव्हतं. मेडिकल स्कूलमध्ये लेखी परीक्षेचा विषय निघाला तेव्हा नामवंत शल्यविशारद हेन्री बिगेलो आडवे आले. निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांना नीट लिहिताच येत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. एलियटना नेमकं तेच खुपत होतं. १८७१मध्ये तीन वर्षांचा अभ्यासक्रम, लेखी परीक्षा आणि प्राध्यापकांना ठरावीक पगार, असे तिन्ही बदल झाले. विद्यार्थीसंख्या घसरली, पण एलियट मागे हटले नाहीत.

मात्र एकटा अध्यक्ष किती सभांना पुरणार? प्रत्येक स्कूलला स्वतःचा कर्ता माणूस हवा होता. म्हणून १८७०मध्ये एलियटनी न्यूयॉर्कमधला एक अबोल, पुस्तकात बुडालेला वकील लॉ स्कूलचा अधिष्ठाता म्हणून आणला. त्याचं नाव ख्रिस्तोफर कोलंबस लँगडेल. तोवर तिथे दीड वर्ष हजेरी लावली की परीक्षेविना पदवी मिळे. लँगडेलनी परीक्षा आणली. वर्गात कायद्याचे नियम सांगण्याऐवजी न्यायालयांचे मूळ निकाल विद्यार्थ्यांपुढे ठेवले आणि त्यांनाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. मुलं गोंधळली, बॉस्टनचे वकील चिडले. १८७२मध्ये शेजारी बॉस्टन युनिव्हर्सिटीचं लॉ स्कूल निघालं, त्यामागे ही नाराजीही होती. पुढच्याच वर्षी लँगडेलनी वकिलीचा अनुभव नसलेल्या जेम्स बार एम्सला प्राध्यापक केलं, तेव्हा टीकेला आणखी धार चढली. पण अध्यक्ष पाठीशी उभे राहिले. लँगडेल पंचवीस वर्षं अधिष्ठाता होते. शेवटी दृष्टी जवळजवळ गेली होती, तरी शिकवणं थांबलं नाही. त्यांच्यानंतर त्या खुर्चीवर एम्स बसले, आणि निकालांवरून शिकवण्याची पद्धत अमेरिकेभर पसरली.

त्याच काळात मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर चालत होतं. १८५७मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचं मुख्य काम परीक्षा घेणं. शिकवणं संलग्न महाविद्यालयांकडे. एकाच व्यक्तीने अभ्यासक्रम, नेमणुका आणि पैसा यांची जबाबदारी पंचवीस वर्षं वाहावी, ही रचना आपल्याकडे रुजलीच नाही. आपल्या उच्च शिक्षणाची ही मोठी हानी आहे.

अर्थात त्या रचनेची किंमतही असते. हार्वर्डमध्ये म्हणतात, प्रत्येक पिंप आपल्याच बुडावर उभं राहावं. प्रत्येक स्कूलने आपली फी, देणग्या आणि संशोधन अनुदानं स्वतः मिळवायची, खर्च स्वतः भागवायचा. त्यामुळे अधिष्ठात्याच्या दिवसाचा मोठा भाग माजी विद्यार्थ्यांकडे निधी मागण्यात जातो. ज्यांचे पदवीधर श्रीमंत होतात ते स्कूल श्रीमंत. शिक्षक आणि धर्मोपदेशक घडवणाऱ्या स्कूलना हात आखडावा लागतो.

बिझनेस स्कूल हे या व्यवस्थेचं ठळक उदाहरण. १९०८मध्ये आर्थिक इतिहासाचे अभ्यासक एडविन गे पहिले अधिष्ठाते झाले, तेव्हा नियमित विद्यार्थी होते ३३. दुसरे अधिष्ठाते वॉलेस डोनम हे हार्वर्डच्याच लॉ स्कूलचे पदवीधर. लँगडेलची पद्धत त्यांनी व्यापारात आणली. न्यायालयाच्या निकालाच्या जागी कंपनीपुढचा खराखुरा पेच आला. बँकर जॉर्ज बेकर यांनी १९२४मध्ये पन्नास लाख डॉलर दिले आणि चार्ल्स नदीच्या पलीकडच्या काठावर स्कूलचा स्वतंत्र परिसर उभा राहिला. त्याच खुर्चीवर २०१०मध्ये आयआयटी मुंबईचे नितीन नोहरिया आले. २०१४मध्ये त्यांनी स्कूलने स्त्रियांना दिलेल्या वागणुकीबद्दल जाहीर माफी मागितली. २०२१पासून ती जबाबदारी मुंबई विद्यापीठाचे पदवीधर श्रीकांत दातार यांच्याकडे आली.

डिझाइन स्कूलचा धागा थेट कोकणात पोचतो. अधिष्ठाते जोसेफ हडनट यांच्या काळात, १९३७मध्ये, जर्मनीतून बाहेर पडलेले वास्तुविशारद वॉल्टर ग्रोपियस तिथे शिकवायला आले. आचऱ्यात जन्मलेले, जे. जे.मध्ये शिकलेले अच्युत कानविंदे १९४०च्या दशकात त्यांच्या हाताखाली शिकले आणि पुढे आयआयटी कानपूरची वास्तू घडवली. अधिष्ठात्याने केलेली एक योग्य निवड किती दूरवर फळते, ते इथे दिसतं.

चुकाही दूरवर पोचतात. लॉ स्कूलने स्त्रियांना प्रवेश दिला तो १९५०मध्ये. त्यानंतरही अधिष्ठाते अर्विन ग्रिस्वोल्ड विद्यार्थिनींना जेवायला बोलावून विचारत, पुरुषाची जागा तुम्ही का घेतली? रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी हा प्रश्न ऐकला होता. त्या पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाल्या. २००३मध्ये एलेना केगन या लॉ स्कूलच्या पहिल्या महिला अधिष्ठाता झाल्या. वैचारिक गटांत विभागलेल्या प्राध्यापकांना त्यांनी नव्या नेमणुकांसाठी एकत्र आणलं, विद्यार्थ्यांसाठी फुकट कॉफी ठेवली. सात वर्षांनी त्याही सर्वोच्च न्यायालयात गेल्या.

अध्यक्ष अधिष्ठात्यांना नेमतो, पण त्यांच्या प्राध्यापकांपुढे त्याचं फारसं चालत नाही. २००५च्या मार्चमध्ये कला व विज्ञान शाखेच्या प्राध्यापकांनी अध्यक्ष लॉरेन्स समर्स यांच्यावर अविश्वास दाखवला. पुढच्या वर्षी जानेवारीत त्या शाखेच्या अधिष्ठात्यांनी पद सोडायचं ठरवल्याचं जाहीर झालं, फेब्रुवारीत समर्स यांनी राजीनामा जाहीर केला.

एप्रिल २०२५मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने हार्वर्डची दोन अब्ज डॉलरहून अधिक अनुदानं गोठवली, तेव्हा ‘आपल्याच बुडावर’ या तत्त्वाची कमजोर बाजू उघडी पडली. सरकारी संशोधन निधीवर सर्वाधिक अवलंबून असलेल्या सार्वजनिक आरोग्य स्कूलला जबर फटका बसला. नदीपलीकडच्या बिझनेस स्कूलचं उत्पन्न मुख्यतः शुल्क, प्रकाशन आणि देणग्यांतून येत असल्याने त्याला तशी झळ पोचली नाही. सप्टेंबरमध्ये संघीय न्यायालयाने ही कारवाई बेकायदा ठरवली. पण क्षयरोग आणि कर्करोगावर काम करणाऱ्या स्कूलने एकट्याने हा धोका का सोसावा, हा प्रश्न न्यायालयापुढचा नव्हता. तो हार्वर्डलाच सोडवायचा आहे.